एकाच नावाचे अकराशे कागद

सोलापूर,
३ नोव्हेंबर २०२५

हुसेनचाचा,

माढ्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं नमस्कार! फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे" विचारलं आणि तुम्ही "साडेचारला" म्हणालात. तेव्हाच ठरवलं, तुमच्याशी बोलायचं तर पोस्टानंच.

तुम्ही डाईंगमधून, रंगखात्यातून निवृत्त होऊन सहा महिने झाले आणि आता कारखान्यात मोठी गोष्ट घडतेय. आणि चाचा, ती माझ्या हातून घडतेय! आपलं सॉफ्टवेअर, ज्यात ऑर्डरी, सूत, रंग, बिलं सगळं मी भरते, ते हल्ली गाभण मेंढीसारखं चालायला लागलं होतं. प्रत्येक बिलाचा, चलनाचा फोटो त्याच्याच पोटात. ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये जागाच उरली नव्हती. मी मालकांना म्हटलं, कागद बाहेर ठेवू, क्लाऊडवर. सॉफ्टवेअरमध्ये नुसता पत्ता राहील, बटण दाबलं की कागद हजर. गुरुबसप्पा मालक म्हणाले, "क्लाऊड म्हंजे ढगच की. आपल्याकडं ढग कधी टिकलाय व्हय?" पण परवानगी दिली.

त्या तिकडच्या जागेला काय म्हणतात माहितीये? बादली! खरंच सांगते. आपण बादली तयार करायची, तिला नाव द्यायचं, मग तिच्या दोन चाव्या मिळतात. चाव्या म्हणजे लांबच्या लांब अक्षरं. ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये भरली की जोडणी होते. माझी सकाळभर होईना. "चावी चुकीची, चावी चुकीची." वैताग आला. शेवटी सापडलं, चावी चिकटवताना तिच्या शेपटाला एक मोकळी जागा चिकटून आली होती, डोळ्यांना न दिसणारी. ती काढली आणि हिरव्या अक्षरांत आलं, "जोडणी यशस्वी". मी अशी किंचाळले की डाईंगमधली माणसं काठ्या घेऊन धावत आली. त्यांना वाटलं साप निघाला.

आता तुमच्या कामाचं. आधी बिलं चढवणार, मग तुमचे शेडचे, म्हणजे रंगांच्या प्रमाणांचे कागद. लोखंडी कपाटांची खोली पाडून तिथे टॉवेल वाळवायचं नवं मशीन बसणार आहे, २४ तारखेला गवंडी येणार. त्याआधी तुमचे एकतीस वर्षांचे रंग मला वर चढवायचे आहेत. तुमच्या कागदावरचं प्रमाण गेलं तर जुना रंग पुन्हा कुणाला काढता येणार नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. म्हणून आधीच सांगते, एकही रंग हरवणार नाही. माझा शब्द.

तुमची,
सृष्टी

माढा,
७ नोव्हेंबर

सृष्टी बेटी,

नमस्कार ऐकू आला. सरदारबीलाही ऐकू आला, ती स्वयंपाकघरात होती.

बादली म्हणतात हे वाचून जिवाला बरं वाटलं. तुमच्या कॉम्प्युटरचं मला काही कळत नाही, पण बादल्यांशी माझी जुनी ओळख आहे. नवी बादली आली की मी तिच्यात लगेच रंग ओतत नसे. आधी साधं पाणी भरून ठेवायचो, गळते का बघायचो. तूही तसंच कर.

मी इथं मजेत आहे. नात समराला शाळेत सोडतो, येताना कोथिंबीर आणतो. सरदारबीनं कसम घातलीय की घरात रंगाचं नाव काढायचं नाही, कारण मागच्या महिन्यात मी तिच्या दुपट्ट्याकडे बघून "ह्यात पिवळा जास्त पडलाय" म्हणालो. आता काढत नाही. कागदांचं म्हणशील तर ते कारखान्याचे, माझे थोडेच आहेत? ठेवा, चढवा, काय हवं ते करा. माझं त्यात आता काही नाही.

फक्त ओल्या हातानं धरू नकोस. प्रत्येक कागदावर सुताचा जो तुकडा लावलाय तो खळीनं चिकटवलेला आहे, ओढलास की निघेल. तपकिरी रंगांच्या गठ्ठ्याला वाळवी लागली होती, ती पानं फुंकर मारून उघड. काळे आणि गर्द निळे एकावर एक ठेवू नकोस, दिव्याखाली एकसारखे दिसतात. आणि नव्वद सालानंतरचे, म्हणजे चौऱ्याण्णवचे, पहिल्या कपाटात सगळ्यात खाली आहेत, तिथं वाकताना डोकं सांभाळ, कपाटाचं दार आपोआप मिटतं.

बाकी, मला त्यांचं काही नाही.

दुवा,
हुसेनसाब

सोलापूर,
१८ नोव्हेंबर

चाचा, चाचा, चाचा!

झालं! अकराशे सेहेचाळीस कागद! आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा चढला आणि पडद्यावर आलं, "एकूण ११४६, चुका शून्य". शून्य, चाचा! मी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवलाय.

ज्या मशीनमध्ये कागदांची थप्पी ठेवली की ते आपोआप ओढून घेतं, त्यात तुमचे कागद जाईनात. सुताचे तुकडे अडकायचे. म्हणून नऊ दिवस एकेक कागद हातानं काचेवर ठेवला, झाकण लावलं, उचलला. मंद्रूपहून बसनं येते-जाते, घरी पोचले की आबा विचारणार, "आज किती फोटू काढले गं?" आमच्या आबांना वाटतं मी कारखान्यात फोटोग्राफर आहे. आई आबांचं नाव घेऊन म्हणते, "मायाप्पाची पोरगी ढगात कागद ठिवतीया, आन् मायाप्पाला रेशनकार्ड घावना."

तुम्ही सांगितलंत तसं पाणी भरून बघितलं बरं का. आधी दोनशे छापील बिलं चढवली, एकूण एक जागच्या जागी सापडली. सॉफ्टवेअर विचारतं, कागदाला नाव कशावरून द्यायचं? मी सांगितलं, कागदाच्या माथ्यावर जो आकडा असेल तो वाच आणि तेच नाव ठेव. बिलांवर नंबर माथ्यालाच असतो, चटकन जमलं. मग बिनधास्त तुमचे चढवले.

मालकांनी ऑफिसात पेढे वाटले. मला दोन. खोलीही आजच मोकळी झाली.

आता तुम्ही माझी परीक्षा घ्या. कुठल्याही रंगाचा नंबर लिहून पाठवा, कागद छापून पोस्टानं तुमच्या हातात देते.

सृष्टी (पास होणारच!)

माढा,
२१ नोव्हेंबर

सृष्टी बेटी,

शाब्बास! पत्र समराकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं. मला स्वतःला वाचता येतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची मजा वेगळी, आणि ती माझ्या कानाजवळ येऊन ओरडते.

परीक्षा घ्यायची तर ४१२ पाठव. तो जांभळा आहे. एका पार्टीनं कुठल्याशा परदेशी टॉवेलचा तुकडा आणून दिला होता, हाच रंग पाहिजे म्हणाली. आठ दिवस लागले. सतरा लड्या वाया गेल्या, मोठे मालक, गुरुबसप्पांचे वडील, डाईंगमध्ये यायचे, बघायचे आणि जायचे. अठरावी लडी मी उन्हात धरली आणि तो रंग आला बेटी, असा आला की मी तिथंच खाली बसलो. मोठे मालक म्हणाले, "हुसेनसाब, आता हेचं परमान लिवून ठिवा, न्हाईतर तुमी बी इसरचाल." तेव्हापासून मी कागद लिहायला बसलो. त्याआधी सगळं डोक्यात होतं. पहिलाच कागद तो. त्याच्या आधीचे चारशे अकरा मी नंतर आठवून आठवून लिहिले.

सरदारबीला सांगितलं नाही की मी काय मागवलंय.

वाट बघतो,
हुसेनसाब

सोलापूर,
२४ नोव्हेंबर

हुसेनचाचा,

एक विचारायचं होतं. तुम्ही प्रत्येक कागदाच्या वर, अगदी मधोमध, ७८६ लिहायचात. ते सगळ्याच कागदांवर आहे का? एखादा सुटला असेल का? आणि मालकांना हे माहीत होतं का?

लवकर कळवा. ४१२ चं बघते.

सृष्टी

माढा,
२७ नोव्हेंबर

सृष्टीस,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं.

होय, सगळ्या कागदांवर आहे. एकही सुटला नाही. माझ्या वडिलांनी शिकवलं, कागदावर पहिलं बोट टेकवशील तेव्हा अल्लाचं नाव घे. आम्ही ते आकड्यात लिहितो. एकतीस वर्षं लिहिलं.

मालकांना माहीत होतं का, विचारतेस. मोठे मालक स्वतः वहीच्या डोक्यावर "श्री" घालायचे आणि वही माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "हुसेनसाब, तुमचं बी घाला." एका पानावर दोन्ही असायचं. त्या वहीतला एकही रंग कधी फुटला नाही. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता कुणाला खुपलं असेल तर मी काय बोलणार? जमाना बदलला असेल. तुमच्या मशीनला चालत नसेल.

कागदाचा वरचा दोन बोटं भाग कापून टाका. प्रमाण खाली आहे, त्याला धक्का लागणार नाही. फक्त कापाल तेव्हा मला कळवू नका.

४१२ पाठवायची गरज नाही.

हुसेनसाब

सोलापूर,
२९ नोव्हेंबर (स्पीड पोस्टानं)

चाचा, नाही हो, नाही!

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. मालकांनी ते माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि माझ्यावर इतके चिडले की विचारू नका. "आदी हुसेनसाबला लिव, मंग मशीन बगू," म्हणाले आणि स्वतःची खुर्ची मला दिली. त्यांच्या टेबलावर बसून लिहितेय.

कुणालाही काही खुपलेलं नाही. मशीनला तर तुमचं ७८६ इतकं आवडलं की त्यानं तुमच्या एकूण एक कागदाचं नाव तेच ठेवलं! मी त्याला सांगितलं होतं ना, माथ्यावरचा आकडा वाच आणि नाव दे? बिलांच्या माथ्यावर बिलाचा नंबर. तुमच्या कागदांच्या माथ्यावर ७८६. शेडचा नंबर तुम्ही खाली डाव्या कोपऱ्यात लिहिता, तिथे मशीननं बघितलंच नाही. मला हे दिसायला हवं होतं. पण चाचा, तुमच्या शेजारी बसून मी ते ७८६ रोज बघितलंय. रोज बघून बघून ते मला दिसेनासंच झालं होतं.

तुम्ही ४१२ मागितलात आणि मी शोधलं, तर नाही. ४१३? नाही. एक नंबर? नाही. बादली उघडली तर बिलं सोडून आत एकच कागद. नाव ७८६. एकाच नावाचा दुसरा आला की आधीचा झाकला जातो. अकराशे सेहेचाळीस एकावर एक पडले आणि शेवटचा तेवढा उरला. मशीनच्या मते चूक शून्यच होती. सगळे चढले, सगळ्यांना नाव मिळालं.

मग तुम्हाला ते चार ओळींचं पत्र टाकलं. खरं सांगायची छाती झाली नाही. वाटलं, एखाद्या गठ्ठ्यावर ७८६ नसेल, तेवढे तरी वाचले असतील. मालकांचं विचारलं ते एवढ्यासाठी, की त्यांना ते माहीत असेल तर माझी चूक त्यांच्या लगेच लक्षात येईल अशी भीती होती.

आणि अजून एक लपवलंय, तेही सांगते. "खोली मोकळी झाली" असं लिहिलं होतं ना, ती अशी झाली. मालकांनी विचारलं, सगळं चढलं का, मी पडद्यावरचं शून्य दाखवलं, आणि त्याच संध्याकाळी कागद रद्दीत गेले. मंगळवार बाजारातल्या सलमान रद्दीवाल्याकडे. मी "हो, न्या" म्हणाले चाचा. मीच म्हणाले. परवा त्याच्याकडे जाऊन आले, तो म्हणाला माल पुढे कागदाच्या गिरणीला गेला.

मी शब्द दिला होता. तुम्ही रागवा, पण उत्तर द्या.

सृष्टी

सोलापूर,
४ डिसेंबर

हुसेनचाचा,

तुमचं उत्तर नाही. रागावला असाल, तो तुमचा हक्क आहे. पण हे पत्र फाडू नका. आणि सरदारचाची, तुम्ही वाचत असाल तर चाचांना खुर्चीत बसवून वाचून दाखवा, उभ्यानं नको!

सापडले!

सगळे सापडले! काल बादलीवाल्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर सातव्यांदा फोन लावला. आधीची सहा माणसं इंग्रजीत "काळजी करू नका" म्हणून ठेवून द्यायची. सातव्यांदा एक बाई आली. मी रडवेल्या आवाजात इंग्रजी जुळवत होते, तर ती मध्येच म्हणाली, "तुमी सोलापूरच्या का?" मी म्हटलं, "कसं वळखलं?" म्हणाली, "मी जुळे सोलापूरची झीनत. पुण्यात असते. आता रडू नका, काय झालं ते नीट सांगा की."

सांगितलं. तुमचं ७८६ ऐकून ती इतकी हसली, इतकी हसली, की मीही हसायला लागले. म्हणाली, "अहो, माझ्या अब्बांच्या दुकानातली सगळी बिलं अशीच हायत. हे मशीनवाल्यांना कुटनं म्हाईत असणार?" मग म्हणाली, "बादलीच्या सेटिंगमदी जा. 'जुन्या आवृत्त्या ठेवा' असं हाय बगा. चालू हाय का बंद?"

चाचा, ते चालू होतं. पहिल्याच दिवशी ते तसं होतं, मी बंद करणार होते, जागा जास्त खातं म्हणून. त्या चावीच्या गोंधळात विसरले. माझ्या विसरण्यानं वाचवलं! नवा कागद आला म्हणून खालचा पुसला गेला नव्हता. तो नुसता खाली दबून राहिला होता. झीनतताईनं एक बटण दाखवलं, मी दाबलं आणि त्या एका ७८६ च्या पोटातून यादी उलगडायला लागली. खाली, खाली, अजून खाली. मी माऊसचं चाक फिरवतेय आणि मालक माझ्या पाठीमागे उभे राहून मोजताहेत. शेवटी आकडा दिसला, ११४६. मालकांनी मला उचललंच असतं, पण शोभलं नसतं म्हणून त्यांनी टेबलावर दोन्ही हात आपटले आणि चहा सांडला.

४१२ मी स्वतः शोधून काढला. सोबत छापून पाठवलाय. नावं मी एकेक कागद उघडून, तुमचा कोपऱ्यातला नंबर वाचून, हातानं देतेय. दोनशे झाले. ७८६ जागेवरच आहे, फक्त मशीनला आता सांगितलंय की तो नंबर नव्हे, त्याच्या वाटेला जायचं नाही.

आता अडलंय ते असं. फोटोत रंग खरा येत नाही. तुमचा जांभळा पडद्यावर वांग्यासारखा दिसतो आणि कागदावर छापला की काळपट. सुताचे खरे तुकडे रद्दीत गेले, त्याचं दुःख मला जन्मभर राहील. प्रमाण आहे, पण त्यावरून रंग काढला तर तो बरोबर आला की नाही हे कुणी सांगायचं? मालकांनी ठरवलंय, प्रत्येक रंगाची एक छोटी लडी नव्यानं काढायची. मला म्हणाले, "हुसेनसाबला इचार, डोळा भाड्यानं मिळतो का." मग स्वतःच म्हणाले, "भाड्यानं नगं लिवू. या म्हणावं. आमाला जमत न्हाय म्हणावं."

आम्हाला खरंच जमत नाही, चाचा. या.

सृष्टी

माढा,
८ डिसेंबर

माझी सृष्टी बेटी,

तुझं २९ तारखेचं पत्र मला २ तारखेला मिळालं. उत्तर दिलं नाही कारण मी घरी नव्हतो. ३ तारखेला सकाळी "दवाखान्यात जातो" सांगून मी एसटीत बसलो आणि सोलापूरला आलो. तुला भेटलो नाही. तुझं तोंड बघितलं असतं तर मी रागावू शकलो नसतो, आणि त्या दिवशी मला थोडं रागवायचं होतं. तुझ्यावर नाही. कोणावर ते माझं मलाच नक्की माहीत नव्हतं. आणि ते चार ओळींचं पत्र मी उलटं वाचलं, त्याची लाजही वाटत होती. मालकांच्या घराण्याबद्दल मी असा विचार केलाच कसा?

सलमानच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "चाचा, सगळा माल गेला. एकच गठ्ठा कस्तुराबाईला दिलाय, तिकडं कोपऱ्यावर." गेलो. कस्तुराबाईचा भज्यांचा गाडा. तिच्या हाताशी माझे कागद, अर्धे अर्धे फाडलेले. मी म्हटलं, बाई, हे कागद मला द्या, हवे ते घ्या. ती म्हणाली, "मी कागद न्हाय इकत, बाबा. भजी इकते."

मग काय, भजी घेतली. पहिल्या प्लेटीखाली एक राखाडी आला, अर्धा. दुसरीखाली पिवळ्याचं वरचं टोक, नुसतं ७८६. तिसरी खाताना डोळ्यांत पाणी आलं, मिरचीचं म्हण. तेव्हा तिनं विचारलं, "काय झालं वो बाबा?" मी सांगितलं. तिनं कढई उतरवली, उरलेला गठ्ठा माझ्या पिशवीत घातला आणि भज्यांचे पैसेही घेतले नाहीत. एकोणीस तुकडे निघाले, त्यातला एकही पूर्ण नाही. घरी आलो तर दोन दिवस पोटात आग. सरदारबीला सगळं कळलं. "ये उमर में भजी खाने सोलापूर गए? मेरे हात की नक्को लगती?" तेव्हापासून मला मुगाची खिचडी आहे.

त्या दोन दिवसांत मी काय विचार करत होतो ते लिहितो. मी तुला लिहिलं होतं की माझं त्यात काही नाही. खोटं होतं. ती खोली बंद असली तरी आपण त्या खोलीत आहोत असं मला इथं कोथिंबीर निवडतानाही वाटायचं. कागद गेले ऐकल्यावर वाटलं, आता आपण कुठंच नाही.

काल तुझं पत्र आलं. समरानं वाचलं. "सापडले" वाचल्यावर मी तिला म्हटलं, पुन्हा वाच. तिनं इतक्या जोरात वाचलं की शेजारचे बघायला आले. मी त्यांना काय सांगणार? सरदारबीनंच सांगितलं, "इनके कागज मिले," आणि सगळ्यांना शिरखुर्मा करून वाढला. ईद नव्हती, काही नव्हतं.

४१२ बघितला. वांग्यासारखाच दिसतो, खरंय. तुमचं मशीन अडाणी आहे. पण प्रमाण बरोबर आहे, अक्षर माझं आहे. त्या झीनतला माझी दुवा सांग, तिच्या अब्बांनाही.

भाड्याचं मालकांना सांग, डोळा माझा आहे, फुकट देईन. पण दुपारच्या चहात साखर दोन चमचे, हे मात्र ठरवून घ्या.

गुरुवारी पहिल्या गाडीनं निघतोय. सरदारबीनं स्वतः पिशवी भरली, तुझ्यासाठीही डबा दिलाय. मला कारखान्यात पोचायला अर्धा तास उशीर होईल, स्टँडवरून आधी मंगळवार बाजारात जाणार आहे. त्या दिवशी मी निघताना सलमाननं विचारलं होतं, "चाचा, येवढं काय होतं त्यात?" मी तसाच निघून आलो. आता त्याच्या दुकानात उभं राहून सांगणार आहे. अकराशे सेहेचाळीस रंग होते, आणि एकही गेलेला नाही.

तुझा,
हुसेनचाचा